खुशीचा कागद

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुकांभोवती लाल गोल काढले. सौंदडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, रिटायर झाले, सडक अर्जुनीला हायवेपासून जरा आत घर बांधलं आणि वाटलं की आता आपल्या हातून मोठी चूक व्हायची वेळ टळली. ती झाली, आणि एका वाक्यात झाली. वाक्य व्याकरणाने शुद्ध होतं. आजही कुणी ते माझ्यापुढे ठेवलं तर मी पूर्ण मार्क देईन आणि मग तो कागद उलटा करून ठेवीन.

वाक्य होतं, 'काइंडली गिव्ह अकॉर्डिंग टू युअर हॅपिनेस.'

आमच्या जंगलाच्या तोंडाशी बारा खोल्यांचं एक रिसॉर्ट आहे. मालक गोंदियाचे. मराठी सगळी समजते, पण बोलायला लागले की हिंदीच येते. पावसाळा संपून जंगल उघडायच्या आधी ते एकदा घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "मॅडम, फॉरेनर गेस्ट आने लगे हैं. सब एक ही बात पूछते हैं, यहां किसको कितना देना है. आप एक पन्ना बना दो ना अंग्रेजी में." गाडीत किती वाजता बसायचं, कपडे कोणत्या रंगाचे घालायचे, पाणी कुठलं प्यायचं आणि शेवटी गाइडला, ड्रायव्हरला, खोली झाडणाऱ्या बाईला काय द्यायचं, एवढं सगळं एका पानात बसवायचं होतं.

माझे मिस्टर आतून म्हणाले, "योग्य माणसाकडे आलात. हिचा या विषयातला अनुभव दांडगा आहे."

टोमणा होता, आणि खराही होता. कुणाच्या हातावर पैसे ठेवायची वेळ आली की माझ्या हाताला घाम येतो. गोंदिया स्टेशनवर हमालाशी ठरवून घेतलेलं असतं, तरी सामान खाली ठेवून तो एक क्षण उभा राहतो आणि त्या एका क्षणात माझा जीव अर्धा होतो. हॉटेलात बडीशेपेच्या बशीत सुटे पैसे परत आले की त्यातले किती उचलायचे आणि किती ठेवायचे, यावर मी इतका वेळ घालवते की मिस्टर बाहेर जाऊन गाडी सुरू करून बसतात. नातू झाला तेव्हा दवाखान्यातल्या आयाबाईंनी दारच अडवलं. "नातू झाला जी, खुशी द्या." मी एकावन्न दिले. त्यांनी नोट पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बाजूला झाल्या. ते पाहणं मला अजून आठवतं. नातू आता पाचवीत आहे.

अशा बाईने परदेशी पाहुण्यांना शिकवायचं की किती द्यावं.

बाकीचं पान तासाभरात झालं. अडलं ते शेवटच्या परिच्छेदावर. दोनशे लिहावे तर जो पाचशे देणार असेल त्याचा हात आपणच धरल्यासारखं होईल. पाचशे लिहावे तर आमची माणसं हात पसरून उभी आहेत असं दिसेल. तीन कागद फाडले. एक मात्र आवडीने लिहिलं होतं, की आमच्याकडे देणगी शून्यावर थांबवत नाहीत, वर एक रुपया ठेवतात, म्हणजे नातं तिथे संपत नाही. ते ठेवलं. आणि रकमेच्या जागी मला आयाबाईंचाच शब्द आठवला, खुशी. आमच्या भागात टिप कुणी म्हणत नाही. 'काही खुशी द्या जी,' म्हणतात. 'तुमच्या खुशीनं द्या.' किती सभ्य, किती मोकळं! मी ते इंग्रजीत उतरवलं आणि स्वतःवरच खूश झाले.

माझ्या लक्षात काय आलं नाही, ते आता सांगते. आपण 'तुमच्या खुशीनं द्या' म्हणतो तेव्हा समोरच्याला पक्कं माहीत असतं की द्यायचंच आहे. खुशी हा नुसता पडदा असतो. रकमेवर टाकलेला, दोघांचीही लाज राखणारा. इंग्रजीत गेल्यावर पडदा इथेच राहिला, शब्द तेवढा पलीकडे गेला. वाचणाऱ्याने सरळ अर्थ घेतला की जितका आनंद झाला असेल तितकं द्या.

आणि जंगलात आलेल्या माणसाला आनंद कशाने होतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

तरी मला ते सांगावं लागलं, माझ्याच एका विद्यार्थिनीला. जंगलाला लागून असलेल्या गावातली आदिवासी घरची मुलगी. मुलगी कसली, आता दोन पोरांची आई. आठवी-नववीला माझ्या वर्गात होती, शेवटून दुसऱ्या बाकावर. त्या गावातून गाइडची खाकी घालणारी ती पहिली बाई. सुरुवातीला गावाने नावं ठेवली, परक्या माणसांच्या गाडीत बसून रानात हिंडते म्हणून. सासरा तर महिनाभर बोलत नव्हता. पण जंगल खात्याने नंबर टाकलेला बिल्ला दिला, तो ती रोज सकाळी छातीवर लावायची, आणि हळूहळू गाव गप्प झालं. तो बिल्ला गेला असता तर गावाला पुन्हा कंठ फुटला असता, हे ती जाणून होती. म्हणून तिची गाडी कधी वेळेबाहेर गेली नाही की रस्ता सोडून उतरली नाही. वाघामागे धावणं तिला जमायचंच नाही. ती पक्षी दाखवायची, वारूळ दाखवायची, ऐनाच्या झाडाच्या सालीला हात लावायला लावायची.

दिवाळीनंतर ती बाजारात भेटली. मी आपली सवयीने विचारलं, "काय गं, सीझन कसा चालू आहे?"

"म्याडम, त्या कागदावर तुमी काय लिवलं जी?"

"काऊन, काय झालं?"

"पाहुणे वाचून येते. गेटवर उतरले का विचारते, टायगर? नाही दिसला म्हनलं का हात मिळवते, थ्यांक्यू म्हनते, अन जाते. पयले असं नव्हतं जी. पयले कागद नव्हता तं आपल्या मनानं देत होते. आता वाघ दिसला तं देते, नाही दिसला तं नाही." जरा थांबून ती म्हणाली, "आता सारेच वाघाच्या मांगं धावून राहिले. डायवर मले म्हनते, ताई, तुमच्या गाडीत बसून काय करू, पाखरं पाहू?"

तक्रारीचा सूर नव्हता. चुकीचं उत्तर का चुकलं हे विचारायला वही घेऊन टेबलापाशी आल्यासारखी ती उभी होती. माझ्या हातात वांग्याची पिशवी होती. ती खाली ठेवावी की धरून राहावी हेही मला सुचेना.

दुसऱ्याच दिवशी रिसॉर्ट गाठलं. मालकांना म्हटलं, तो परिच्छेद बदला, मी नवीन लिहून आणलाय, सरळ रक्कम घातली आहे, वाघ दिसो न दिसो. त्यांनी माझ्यापुढे एक पान धरलं. माझंच होतं, वर जाड प्लास्टिक चढवलेलं. "लॅमिनेट हो गया मॅडम, बारह कमरों में लगा है. अगले सीजन में देखेंगे." मग म्हणाले, गेस्टना तर तेच वाक्य सगळ्यात जास्त आवडतं. फोटो काढून नेतात.

मी घरी आले. तेव्हापासून रोज पहाटे, जंगलाचं गेट उघडायच्या वेळेला, मला आपोआप जाग यायला लागली. पडल्या पडल्या मनात यायचं, आज तिच्या गाडीत कोण बसलं असेल. वाघा, दिस रे बाबा. ज्या प्राण्याचं नाव घेतलं तरी माझ्या अंगावर काटा येतो त्याच्यासाठी मी हात जोडत होते.

डिसेंबरात मालकांचा फोन आला. मॅनेजर बहिणीच्या लग्नाला गेला होता, तेवढे चार दिवस एका हॉलंडच्या म्हाताऱ्या जोडप्यासोबत दुभाषी म्हणून गाडीत बसाल का? गाइड कोण, हे मी आधी विचारलं. तीच होती, चारही सकाळी. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हटलं. मिस्टर म्हणाले, "तू? आणि उघड्या गाडीत? घरात पाल दिसली तर पलंगावर चढतेस." पण माझं ठरलं होतं. निदान या दोघांना तरी मी खूश करून सोडणार होते.

नवरा-बायको दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्याला कमी ऐकू यायचं, तो दुर्बीण लावून शांत बसायचा. बोलायची ती. उंच, काटक, पांढरे केस कानामागे खोचलेले. काहीही दाखवलं की आधी नीट पाहायची आणि मग मान हलवायची.

पहिल्या सकाळी धुकं होतं. पलीकडच्या बांध्यांत धान कापून झालं होतं, फक्त धसकटं राहिली होती, आणि रानात शिरल्यावर तर पुढची गाडीही दिसेना. दोन ऐनांच्या मध्ये कोळ्याचं एक भलंमोठं जाळं होतं, उन्हाची तिरीप पडून पिवळं झालेलं. माझ्या विद्यार्थिनीने गाडी थांबवली. मधोमध तळहाताएवढी कोळीण बसलेली, आणि कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढं काहीतरी. हिने बोट दाखवून आपल्या इंग्रजीत सांगितलं, "बिग, मॅडम. स्मॉल, साहेब." म्हातारीला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. नवऱ्याच्या कानात ओरडून तिने सांगितलं. त्याने गंभीर चेहऱ्याने त्या दाण्याकडे आणि मग स्वतःकडे बोट केलं. आम्ही तिथे अर्धा तास होतो. बाजूने तीन गाड्या धुरळा उडवत पुढे गेल्या आणि प्रत्येक गाडीबरोबर माझा जीव खालीवर होत होता. कोळ्यासाठी अर्धा तास! अशाने खुशी कशी व्हायची?

गेटवर उतरल्यावर म्हाताऱ्याने खिशात हात घातला. मी लगेच हिच्याकडे पाहिलं. त्याने रुमाल काढला, नाक पुसलं. मग दोघांनी हात मिळवले, 'थँक यू' म्हटलं आणि रिसॉर्टच्या गाडीत बसले. ही माझ्याकडे पाहून कसनुशी हसली. "पाहा जी," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी घुबड दिसलं आणि गव्यांचा कळप दिसला. गेटवर पुन्हा हात मिळवणी. मला राहवेना. चारही दिवस हीच आहे हे ठाऊक असूनही मी धीर करून बाईला म्हटलं, "इथे गाइडचे नंबर लागतात. आजचा गाइड उद्या भेटेलच असं नसतं." याहून उघड माझ्याने बोलवत नव्हतं. ती म्हणाली, "ओह, काळजी नको, आम्ही चारही दिवस हीच मागून घेतली आहे." माझं इंग्रजी तिथेच संपलं.

तिसऱ्या दिवशी वाळूत पंजे दिसले. नुसते पंजे. ड्रायव्हर त्या दिवशी गेटवर गाडी लावून हिच्याकडे न पाहता निघून गेला.

त्या दिवशी चार वाजता रिसॉर्टवर चहाला बसलो असताना म्हातारीने लॅमिनेट केलेला कागद आणून टेबलावर ठेवला. "हे तुम्ही लिहिलंय?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "फार सुंदर वाक्य आहे." मग एका रुपयाबद्दल विचारलं, तो नाणं असावा लागतो की कसाही चालतो. मी म्हटलं, नाणं. तिच्याकडे नाणं नव्हतं. मी पर्समधून एक काढून दिलं. तिने ते मुठीत धरलं आणि खोलीत गेली. परदेशी लोकांना नाणी जमवायचा नाद असतो, असं मी स्वतःला समजावलं. त्या वेळी साधं विचारता आलं असतं की तुम्ही गाइडला कधी देता, रोज की शेवटी. बत्तीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारायला शिकवलं आणि स्वतः मात्र घाबरून बिस्किट चहात बुडवत बसले.

चौथी सकाळ ही शेवटची होती. फेरी झाली की ते थेट नागपूरला निघणार होते.

तळ्याच्या वरच्या अंगाला हिने हात वर केला. आमच्या उजवीकडून जाळरेषा जाते. आगीने पसरू नये म्हणून गवत कापून मोकळी ठेवलेली पट्टी, गाड्यांना तिथे जायची सक्त मनाई. पट्टीच्या कडेच्या उंच गवतात काहीतरी हललं. पिवळ्या पाठीचा एक तुकडा, त्यावर काळे पट्टे. मग कान. मग पुन्हा गवत. "वाघीन," ही कुजबुजली. "पिल्लं हायेत संग. अठीच थांबा, बोलू नका."

आम्ही थांबलो. पाच मिनिटं गेली, दहा गेली. काहीच दिसेना. मला आतून वाटत होतं, एवढंसं? चार दिवसांत एक वीतभर पाठ? एवढ्यावर कोण खूश होतं? मागे एक गाडी येऊन उभी राहिली. आता वाघीण तिकडून निघाली तर आनंद त्यांना, आणि खुशीही त्यांच्याच गाइडला.

तेवढ्यात म्हातारी पुढे वाकली आणि हळूच म्हणाली, "इट इज इनफ. प्लीज, लेट हर बी."

ड्रायव्हरने मान वळवली. गाइडही वळली. "काय म्हनते जी म्याडम?" ड्रायव्हरने विचारलं.

आणि मी म्हणाले, "म्हणतात, थोडी पुढे घ्या. नीट दिसत नाही."

हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. घाबरट माणूस मुद्दाम कुणाचं वाईट करत नाही, घाईघाईने भलं करायला जातो. हिने माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला तेव्हाही जाणवलं होतं. मग ती ड्रायव्हरला म्हणाली, "घ्या पुढे."

पुढे म्हणजे वाघिणीकडे, आणि तिकडे जायला जाळरेषाच होती. गाडी तीत उतरली. दहा-बारा हात गेली असेल, पिल्लं उजवीकडे आणि वाघीण डावीकडे, मध्ये आम्ही. ती उठली. मी वाघाचा आवाज टीव्हीवर पुष्कळ ऐकला होता, पण हा आवाज कानात नाही, बसायच्या सीटमधून अंगात शिरला. ती दोन झेपांत पुढे आली आणि थांबली. इतकी जवळ की मिशांवरचं दव दिसलं. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली तर मागचं चाक ओल्या मातीत फिरायला लागलं. नुसतं फिरत राहिलं. मी डोळे मिटून म्हातारीचा हात घट्ट धरला होता, किंवा तिने माझा. ही एकटी उभी होती, गाडीचा दांडा धरून, वाघिणीकडे पाहत, अगदी हळू आवाजात तिच्याशी गोंडीत काहीतरी बोलत. चाकाने एकदाचं पकडलं. गाडी मागे आली. पिल्लं पट्टी ओलांडून आईकडे पळाली, हे मी पाहिलं नाही, नंतर ऐकलं. मागच्या गाडीतल्या कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

गेटवर म्हातारी पांढरीफटक पडली होती. तिने हिचे दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि गाडीत बसून निघून गेली. पाकीट नाही, नोट नाही. मला लाज वाटली पाहिजे, पण त्या क्षणीही माझ्या मनात आलं की एवढं होऊनसुद्धा काही दिलं नाही.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या ऑफिसात पोहोचला होता. तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. बाहेरच्या बाकावर मी, ड्रायव्हर आणि ती. रात्रभर घोकलेलं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. आत साहेबांनी व्हिडिओ लावला आणि विचारलं, "गाडी खाली घ्यायला कोणी सांगितलं?"

"मी सांगतलं जी," ती म्हणाली. एका दमात, हजेरी दिल्यासारखी.

मी उभी राहिले. म्हटलं, "नाही साहेब, मी सांगितलं. पाहुण्यांनी नको म्हटलं होतं, मी उलट सांगितलं." आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. साहेब सभ्य माणूस होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, "मॅडम, गाडीत बसलेला कोणीही काहीही म्हणेल. ऐकायचं की नाही हे गाइडनं ठरवायचं. बिल्ला त्यासाठीच असतो." ड्रायव्हरला पंधरा दिवस बंदी लागली, तिला सीझन संपेपर्यंत. पुढच्या वर्षी द्यायचा की नाही ते नंतर पाहू, म्हणाले. तिने शर्टावरचा बिल्ला काढला. पिन अडकली होती, निघेना. मी मदतीला हात पुढे केला तर ती म्हणाली, "राहू द्या जी, निघते."

त्यानंतर आठवड्याने रिसॉर्टचा मॅनेजर स्कूटरवरून आला. लग्नाहून परतून बरेच दिवस झाल्यावर त्याने काउंटरचा ड्रॉवर उघडला तर त्यात एक पाकीट होतं, काउंटरवरच्या माणसाने ठेवून दिलेलं आणि मग विसरलेलं. वर इंग्रजीत लिहिलं होतं, 'आमच्या गाइडसाठी', आणि कोपऱ्यात चिकटपट्टीने एक रुपयाचं नाणं लावलेलं होतं. ते मी ओळखलं. तारीख तिसऱ्या दिवसाची होती, वाघीण दिसायच्या आदल्या दिवसाची.

तिच्या गावापर्यंत मिस्टरांनी गाडीने सोडलं. ते बाहेर चिंचेखाली थांबले, मी एकटी आत गेले. अंगणात लाखोळीच्या पाल्याची भाजी वाळत घातली होती आणि ती उकिडवी बसून ती पसरत होती. सासरा ओसरीवर होता. त्याने मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी पाकीट दिलं. तिने पैसे मोजले नाहीत, कागद बाहेर काढला आणि माझ्याकडे दिला. "वाचा जी. तुमीच वाचा."

मी वाचायला लागले, एकेक ओळ मराठीत सांगत. लिहिलं होतं, उद्या आम्ही घाईत असू म्हणून हे आजच ठेवतो. आम्हाला सगळं शेवटी एकदम द्यायची सवय आहे. खोलीतला कागद म्हणतो, आनंद झाला असेल त्याप्रमाणे द्या. आम्हाला आनंद पहिल्याच सकाळी झाला. उद्या वाघ दिसला तर दिसेल. नाही दिसला तरी यातून काही कमी करायचं नाही.

शेवटची ओळ होती, 'द स्पायडर वॉज इनफ.'

ती ओळ मी इंग्रजीतच वाचली. कागदाची घडी घालायला लागले.

"इनफ म्हंजे पुरे ना जी?" ती म्हणाली. "आठवीत तुमीच शिकवलं. स्पेलिंग चुकलं म्हनून दहा बारी लिवायले लावलं होतं."

मग मी विचारलं, "म्हणजे गाडीत ती बाई बोलली, तेव्हा तुला समजलं होतं?"

"समजलं होतं."

"मग काऊन नाही थांबवलीस गाडी?"

"तुमी म्हनलं ना जी, पुढे घ्या," ती म्हणाली, आणि भाजी उलटीपालटी करायला वळली.